एकांची रांग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी आपल्याशी एका संख्येविषयी बोलणार आहे. कवी माणसाने आकाशवाणीवर यायचे आणि कविता बाजूला ठेवून आकड्यांवर बोलायचे, हे जरा विचित्र वाटेल. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. गणिताचा आणि माझा शाळेतला संबंध दहावीलाच संपला. पण ही संख्या मला काही वर्षांपूर्वी वाचताना भेटली आणि तेव्हापासून तिने माझा पिच्छा सोडलेला नाही.

ती लिहायला अगदी सोपी आहे. पाटीवर १ लिहा. त्याच्या शेजारी पुन्हा १ लिहा. असे १०३१ वेळा १ लिहिले, की आपली संख्या तयार. मध्ये शून्य नाही, दोन नाही, तीन नाही. नुसते एक हजार एकतीस एक. ती तुम्हाला वाचून दाखवायची म्हटले आणि सेकंदाला एक 'एक' उच्चारला, तरी १७ मिनिटे ११ सेकंद लागतील. म्हणजे मला दिलेला सारा वेळ तिच्यातच जाईल आणि तुम्ही रेडिओ बंद कराल. म्हणून ती न वाचता तिच्याविषयीच सांगतो.

ही संख्या मूळ संख्या आहे. मूळ संख्या म्हणजे काय, हे शाळेत सगळेच शिकतात आणि बहुतेक जण विसरतात. आम्हा मालवणच्या लोकांना ते मासळीबाजारात चांगले समजते. बाजारात बसलेली बाई बांगड्यांचे वाटे लावते. तिच्याकडे बारा बांगडे असले तर दोनाचे सहा वाटे होतात, तिनाचे चार होतात, चाराचे तीन होतात. तेरा असले तर मात्र पंचाईत. दोनाचे लावा, एक उरतो. तिनाचे लावा, एक उरतो. चाराचे लावा, एक उरतो. पाचाचे लावले तर तीन उरतात. मी एका मावशीला हे गमतीने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "भाई, एक उरलो तर मांजराक घालतंय, त्येचो कसलो हिशेब!" तिचा प्रश्न मांजराने सोडवला. गणिताला तशी सोय नाही. ज्या संख्येचे समान वाटे होतच नाहीत, म्हणजे सगळे मिळून एक वाटा किंवा एकेकाचा वाटा एवढे दोनच मार्ग उरतात, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ या तशा संख्या. बाकीच्या संयुक्त. जपमाळेचे १०८ मणी आणि तसबीहचे ९९ मणी, दोन्ही संयुक्त आहेत, दोन्हींचे समान भाग पडतात. माणसाने देवाच्या नावासाठीही वाटता येणाऱ्या संख्या निवडल्या, असे गमतीने म्हणता येईल.

आता एकांच्या रांगेकडे येऊ. या रांगांशी एका मराठी माणसाचे जुने नाते आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. १९०५ साली डहाणूला जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षकाची नोकरी. त्यांनी ६१७४ या संख्येचा चमत्कार दाखवला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा. जे उत्तर येईल त्याला पुन्हा तेच करा. फार तर सात वेळा, की ६१७४ येऊन थांबते. हे त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले.

या कापरेकरांनी संख्यांच्या एका कुळाला 'डेम्लो' असे नाव दिले होते. त्या काळच्या जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर या नावाचे स्थानक होते, आणि तिथे त्यांना ही कल्पना सुचली. आजची डोंबिवली ती हीच, असे सांगतात. डेम्लो संख्येत मधला अंक हा दोन टोकांच्या बेरजेइतका असतो. उदाहरणार्थ १६५, कारण १ आणि ५ मिळून ६. किंवा २५५३, कारण २ आणि ३ मिळून ५. किंवा ४७७७३. यांतल्या सर्वांत देखण्या संख्या एकांच्या रांगेपासून होतात. ११ ला ११ ने गुणा, १२१ येतात. १११ ला १११ ने गुणा, १२३२१. चार एकांना चार एकांनी गुणा, १२३४३२१. असे करत नऊ एकांपर्यंत जा. १२३४५६७८९८७६५४३२१ हा सुबक डोंगर उभा राहतो, एकापासून नवापर्यंत चढणारा आणि तसाच एकापर्यंत उतरणारा. दहा एकांचा वर्ग केला की हातचा घ्यावा लागतो आणि डोंगराच्या शिखरावर तडा जातो. तिथे ९०० असे तीन अंक येऊन बसतात आणि चढणीवरचा ८ नाहीसा होतो.

कापरेकरांकडे मोठी पदवी नव्हती, विद्यापीठातली खुर्ची नव्हती. ते पदरचे पैसे खर्चून परिषदांना जात, पुस्तिका छापत. त्यांच्या कामाला पोरखेळ समजणारे गणिती आपल्याकडे बरेच होते. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जगाला हे नाव कळले. तोवर ते निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. १९८६ साली ते गेले. आणि योगायोग असा, की आपली १०३१ एकांची रांग मूळ आहे याची सिद्धता सांगणारा शोधनिबंधही १९८६ सालीच प्रसिद्ध झाला.

आता माझ्या मनातला खरा प्रश्न. एकांच्या सगळ्या रांगा सारख्याच दिसतात. मग त्यांतली कोणती मूळ आणि कोणती संयुक्त, हे ओळखायचे कसे?

थोडे गाळता येते. सहा एक घ्या, ११११११. यांचे दोन-दोन एकांचे तीन गट पडतात, म्हणून ११ ने भाग जातो. तीन-तीनांचे दोन गट पडतात, म्हणून १११ नेही भाग जातो. म्हणजे एकांची मोजदाद संयुक्त असली, की रांगही फुटते. रांग मूळ असायची तर तिच्यातल्या एकांची संख्या मूळ असलीच पाहिजे. १०३१ ही मूळ संख्या आहे, म्हणून आपली रांग या पहिल्या चाळणीतून पार पडते.

पण एवढ्यावर भागत नाही. तीन ही मूळ संख्या आहे, तरी १११ म्हणजे ३ गुणिले ३७. पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. अकरा एक फुटतात, तेरा एक फुटतात. सतरा एकांची रांग २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७ यांचा गुणाकार निघते. तिच्याकडे बघून हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. आणि मग येते एकोणीस एकांची रांग. ती फुटत नाही. ती मूळ आहे. तेवीस एकांचीही मूळ आहे. त्यानंतर एकदम ३१७ एकांची, आणि त्यानंतर आपली १०३१ एकांची. सतरा आणि एकोणीस या दोन रांगा कागदावर एकाखाली एक लिहून बघा. एक दोन घरांनी लांब आहे, एवढाच फरक डोळ्यांना दिसतो. आतला फरक दिसत नाही. तो करूनच बघावा लागतो.

करून बघायचे म्हणजे भागून बघायचे. लहान संख्येला ते जमते. १०३१ अंकी संख्येला मात्र एखादा भाजक आहे का, हे त्या पद्धतीने शोधायचे तर ५१६ अंकी संख्यांपर्यंत भागत जावे लागेल. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंच्या संख्येचा शास्त्रज्ञांचा अंदाज ऐंशी-एक्याऐंशी अंकी आहे. यावरून ५१६ अंकांचा पसारा लक्षात यावा. जगातले सगळे संगणक विश्वाच्या आरंभापासून कामाला लावले असते, तरी हा भागाकार आज संपला नसता.

मग दुसरी वाट कोणती? इथे मला हजार वर्षांमागचा एक माणूस आठवतो. बसऱ्याला जन्मलेला आणि कैरोला राहिलेला इब्न अल-हैसम. प्रकाशाच्या अभ्यासासाठी त्याला जग ओळखते. त्याने एक कोडे सोडवले होते, ते मी मालवणी करून सांगतो. एका टोपलीत काही बांगडे आहेत. दोनाचे वाटे लावले तर एक उरतो. तिनाचे, चाराचे, पाचाचे, सहाचे लावले तरी प्रत्येक वेळी एकच उरतो. साताचे लावले की काही उरत नाही. तर बांगडे किती? त्याची युक्ती अशी. एकापासून सहापर्यंतचे आकडे एकमेकांना गुणा, ७२० येतात. त्यात एक मिळवा, ७२१. दोनापासून सहापर्यंत कशानेही भागा, एक उरणारच, कारण तो आपणच मिळवला आहे. आणि साताने भागा, बरोबर १०३ चा भाग जातो. याहून लहान उत्तरही आहे, ३०१. पण युक्तीत जो नियम लपला आहे, तो मोठा आहे. कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्याहून लहान सगळ्या संख्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा, तर तिने निःशेष भाग जातो. आणि संयुक्त संख्येच्या बाबतीत असे कधीच होत नाही. युरोपात अठराव्या शतकात हा नियम विल्सन यांच्या नावाने प्रसिद्ध झाला आणि लाग्रांज यांनी १७७१ मध्ये त्याची सिद्धता दिली.

कसोटी बिनचूक आहे, पण मोठ्या संख्येसाठी निरुपयोगी. आपल्या रांगेहून लहान सगळ्या संख्यांचा गुणाकार कोण करत बसणार?

उलट बाजूला एक झटपट कसोटी आहे. ती सतराव्या शतकात फ्रान्सच्या फेर्मा यांनी दिली. ते व्यवसायाने कायद्याचे माणूस होते, गणित हा त्यांचा फावल्या वेळचा नाद. कसोटी अशी. संख्या मूळ असेल, तर २ चा तितकावा घात करून त्यातून २ वजा केले, की त्या संख्येने निःशेष भाग जातो. सात घ्या. २ चा सातवा घात १२८. दोन वजा केले, १२६. सात अठरे एकशे सव्वीस. पास! नऊ घ्या. २ चा नववा घात ५१२, वजा दोन ५१०. नवाने भागा, सहा उरतात. नापास. म्हणजे नऊ मूळ नाही. गंमत बघा, नवाचे अवयव तीन आणि तीन, हे आपण शोधलेच नाही. तरी ती संयुक्त आहे, हे ठामपणे कळले. मोठ्या घातांचा हा हिशेब संगणक थोड्या पायऱ्यांत करतो.

पण या कसोटीला फसवणारे असतात. ३४१ ही संख्या ११ गुणिले ३१ आहे, तरी ती या परीक्षेत पास होते. दोनाऐवजी तीन घेतले तर तिचे पितळ उघडे पडते. ५६१ मात्र त्याहून बिलंदर. ती ३, ११ आणि १७ यांचा गुणाकार आहे, आणि दोन घ्या, तीन घ्या, काहीही घ्या, ती पासच होते. म्हणून जी संख्या अशा कसोट्या पार करते, पण जिची पक्की सिद्धता नाही, तिला गणिती लोक 'बहुधा मूळ' म्हणतात.

हा 'बहुधा' शब्द मला फार आवडला. किती प्रामाणिक शब्द आहे! आपण रोजच्या बोलण्यात तो घाईने गिळून टाकतो. बहुधा असे असेल, असे कुणीतरी म्हणतो, आणि तिसऱ्या तोंडी जाईपर्यंत ते असेच आहे होते. गणितात तसे होत नाही. एका रांगेची हकिगत ऐका. ४९०८१ एकांची एक रांग आहे. ती बहुधा मूळ असावी, हे १९९९ मध्ये हार्वे डब्नर यांना आढळले. सगळ्या कसोट्या तिने पार केल्या. तिच्या विरुद्ध एक कण पुरावा नव्हता. तरीही तिच्या नावामागचा 'बहुधा' कुणी काढला नाही. तो निघाला २०२२ साली, पॉल अंडरवुड यांनी सिद्धता पुरी केली तेव्हा. तेवीस वर्षे ती रांग 'बहुधा' म्हणून उभी होती. तिच्यानंतरची ८६४५३ एकांची रांग २००० साली सापडली, तिला पक्का दाखला मिळाला २०२३ मध्ये. दोन्ही वेळी इलिप्टिक कर्व्ह नावाच्या वक्ररेषांच्या गणिताचा आधार घेतला गेला.

आपल्या १०३१ एकांच्या रांगेचे काम ह्यू विल्यम्स आणि हेच हार्वे डब्नर यांनी केले. ३१७ एकांची रांग सिद्ध करणारेही विल्यम्सच. आणि भारतीय म्हणून सांगायला अभिमान वाटतो अशी एक गोष्ट. मूळपणाची कसोटी पक्की हवी, जलद हवी आणि तिच्यात नशिबाचा भाग नको, अशी रीत असू शकते का, हा प्रश्न बराच काळ खुला होता. २००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी अशी रीत दिली. प्रत्यक्षात फार मोठ्या संख्यांना अजून दुसऱ्या पद्धती सोयीच्या पडतात, पण असे करता येते, हे कायमचे ठरले ते कानपुरात.

तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशासाठी? उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो तुमच्या खिशात आहे. बँकेचे संकेतस्थळ उघडताना, संगणकावरून गुप्त मजकूर पाठवताना जी कुलपे लागतात, त्यांतल्या अनेकांचा पाया मूळ संख्या आहेत. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी असे कुलूप सुचवले. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकार हातात देऊन त्या दोन संख्या शोधून काढा म्हटले तर महाकठीण. आज अशा कुलपांत साधारण तीनशे अंकी दोन मूळ संख्या वापरतात. आणि गंमत अशी, की त्या संख्या बहुतेक वेळा फक्त 'बहुधा मूळ' असतात. कसोट्या इतक्या वेळा घेतलेल्या असतात, की चूक होण्याची शक्यता नगण्य. व्यवहाराला तेवढे पुरते. आपली १०३१ एकांची रांग मात्र कोणत्याही कुलपाच्या कामाची नाही, कारण ती साऱ्या जगाला माहीत आहे. सगळ्यांना ठाऊक असलेली किल्ली कोण वापरील?

मग तिच्यासाठी दोन माणसांनी एवढा घाम का गाळला? मला वाटते, व्यवहाराला पुरेल एवढी खात्री आणि सत्याला पुरेल एवढी खात्री, यांतले अंतर त्यांना मान्य नव्हते. कवितेत काम करणाऱ्याला हे अंतर ओळखीचे असते. एखादा शब्द ओळीत चालून जातो. वाचक अडत नाही, संपादक छापतो. पण लिहिणाऱ्याला रात्री झोप येत नाही, कारण तो शब्द बहुधाच बरोबर असतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती गणिताची नाही, पण मला या संख्येजवळ घेऊन गेली ती हीच. माझे नाव ऐकले की पुष्कळदा लोक विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" मी सांगतो, मालवणचा. "नाही, पण मूळचे?" मी पुन्हा सांगतो, मालवणचाच, वडील इथले, आजोबा इथले. एकदा कविसंमेलनात माझी ओळख करून देताना एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "यांनी मराठी किती छान आत्मसात केली आहे!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. लोक हसले, मीही हसलो. पण जी भाषा मी आईच्या कडेवर बोलायला शिकलो, ती आत्मसात कधी केली, याचा विचार करत मी घरी आलो. चेहरा, नाव, टोपी पाहून माणसाच्या मनाने एक झटपट कसोटी घेतलेली असते. झटपट कसोटी घ्यायला हरकत नाही, तिच्याशिवाय रोजचा व्यवहार चालत नाही. पण तिच्या निकालामागे 'बहुधा' हा शब्द लावून ठेवायला हवा, आणि पुढचे काम केल्याशिवाय तो काढू नये. एवढी शिस्त गणिती लोक निर्जीव आकड्यांच्या बाबतीत पाळतात. आपण जित्याजागत्या माणसांच्या बाबतीत ती का पाळू नये?

असो. आपल्या संख्येचे आणखी दोन-तीन गुण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कापरेकरांनी आणखी एका प्रकारच्या संख्यांना 'हर्षद' हे सुंदर नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, ती हर्षद. रामानुजन यांच्यामुळे गाजलेली १७२९ घ्या. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे बरोबर १७२९. ती हर्षद आहे. आपल्या रांगेच्या अंकांची बेरीज किती? १०३१ एक, म्हणून बेरीज १०३१. रांगेला १०३१ ने भागले तर बाकी किती उरते? नेमका एक. म्हणून ती हर्षद नाही. मला आनंद देते, ती गोष्ट वेगळी.

दुसरा गुण. १ ला ११ ने भागले तर दशांश चिन्हापुढे ०९, ०९ असे दोन-दोन अंक फिरून येतात. ४१ ने भागले तर पाच-पाच अंक फिरतात, २७१ ने भागले तरी पाच-पाचच. म्हणजे ४१ आणि २७१ यांचा ठेका एक आहे. आपल्या रांगेने १ ला भागले तर १०३० शून्ये आणि एक ९, असा १०३१ अंकांचा ठेका पुन्हा पुन्हा येत राहतो. हाच ठेका असलेली दुसरी मूळ संख्या साऱ्या गणितात नाही आणि असणारही नाही. आमच्या भाषेत सांगायचे, तर या वृत्तात लिहिणारा कवी एकटाच.

तिसरा गुण जरा लांबून येतो. संगणक आपल्यासारखे दहाच्या पटीत मोजत नाही, दोनाच्या पटीत मोजतो. त्याच्या लिपीत एकाचे घर, दोनाचे घर, चाराचे घर, आठाचे घर असे दुप्पट दुप्पट होत जाते. म्हणून त्याच्या लिपीत तीन एक म्हणजे चार अधिक दोन अधिक एक, सात. पाच एक म्हणजे एकतीस. सात एक म्हणजे एकशे सत्तावीस. या तिन्ही मूळ संख्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक डुरांट यांना तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली. आपल्या पद्धतीने लिहिली तर ती ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची भरते. आणि संगणकाच्या लिपीत लिहिली तर? १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ एकांची रांग. शेवटी रांग एकांचीच!

या रांगांविषयी मोठ्या गणितज्ञांनाही अजून न सुटलेला प्रश्न आहे. आपल्या दहाच्या पटीतल्या एकांच्या रांगांपैकी मूळ रांगा कुठेतरी संपतात, की अखंड येतच राहतात? तशा त्या असंख्य असाव्यात, असा अंदाज आहे. सिद्धता कुणाकडे नाही. २०२१ मध्ये सापडलेली ८१ लाख ७७ हजार २०७ एकांची रांग 'बहुधा'ची पाटी गळ्यात घालून उभी आहे.

तुमच्यासाठी मात्र एक सोपे काम ठेवून जातो. २ आणि ५ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, तिने निःशेष भाग जाईल अशी एकांची रांग कुठेतरी असतेच. ३ ला तीन एक पुरतात. ७ ला सहा एक लागतात, ११११११ म्हणजे ७ गुणिले १५८७३. घरातल्या शाळकरी मुलाला जवळ बसवा, पाटी द्या आणि विचारा, १७ ला किती एक लागतील? एक-एक वाढवत भागत जायचे, बाकी शून्य आली की थांबायचे. उत्तर मी सांगत नाही. अंदाज लवकर येईल. पण भागाकार पुरा होईपर्यंत त्या अंदाजामागे 'बहुधा' लिहून ठेवायला सांगा.